'पासून'ची फसगत

मुलांनो, रजेचा अर्ज तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. त्यातलं एक वाक्य अगदी ठरलेलं: 'आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.' बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, की आपण बुचकळ्यात! ताप तर अजूनही आहे, मग 'अ‍ॅम' का चालत नाही?

इथे आपल्याला आपली मराठीच फसवते. 'मला तीन दिवसांपासून ताप आहे' यात साधं 'आहे' पुरतं. इंग्रजीला ते पुरत नाही. मागे सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगायची, तर तिथे पूर्ण वर्तमानकाळ लागतो: 'आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज.' 'हॅव हॅड' बघून दचकू नका. पहिला 'हॅव' काळ दाखवणारा, दुसरा 'हॅड' म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. हा काळ असाच तयार होतो. आय, वी, यू, दे यांच्यापुढे 'हॅव'. ही, शी, इट यांच्यापुढे 'हॅज'. आणि मग तिसरं रूप. गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन ही रूपं मात्र पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

त्या अर्जात आणखी एक चूक आहे. सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून, दोन्हीकडे आपलं एकच 'पासून'. इंग्रजीत दोन शब्द. कॅलेंडरवर बोट ठेवून 'इथून' म्हणता आलं, तर 'सिन्स': सिन्स मंडे. दिवस, महिने, वर्षं मोजून सांगितली, तर 'फॉर': फॉर थ्री डेज.

आता उलटी गंमत. 'मी काल मामाला पत्र पाठवलं आहे' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'यस्टर्डे' आलं, की 'हॅव'ला रजा! 'आय सेंट अ लेटर यस्टर्डे', बस्स. केव्हा ते नेमकं सांगितलंत, की साधा भूतकाळ.

आणि हा फरक नुसता मार्कांपुरता नाही हं. 'आय हॅव लॉस्ट माय की' असं कोणी म्हणालं, तर किल्ली अजून सापडलेली नाही. बिचारा जिन्यात बसला असेल, त्याला घरात बोलवा. 'आय लॉस्ट माय की लास्ट वीक' म्हणाला, तर ती नंतर सापडलीही असेल. (अमेरिकेत बोलताना पुष्कळ जण पहिल्या ठिकाणीही नुसतं 'लॉस्ट' म्हणतात. परीक्षेत तुम्ही तसं करू नका!)

आता वही घ्या आणि इंग्रजी करा:

१. आम्ही २०१९ पासून या घरात राहतो.
२. ताई परवा नाशिकला गेली आहे.
३. आजोबांनी हिमालय कधीच पाहिलेला नाही.

उत्तरं पुढच्या अंकात. आई-बाबांनाही करायला सांगा. दुसऱ्या वाक्यात मोठी माणसंसुद्धा अडकतात.