खोक्यातून थेट खुंटीवर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तानपुरा जवारी लागल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही. भोपळा कितीही देखणा असो, नक्षी कितीही नाजूक असो, घोडीवर कानस फिरून चारही तारा बोलू लागेपर्यंत ते वाद्य झालं असं तिथे कोणी मानत नाही. फरीदसाहेब सतारमेकरांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, ही रीत चालत आली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्या धंद्यातल्या सगळ्यांनाच आनंद झाला. पेटी घ्या, तबला घ्या, तीच गोष्ट. शाई चढली म्हणजे तबला विकायला तयार झाला असं कुठलाही जाणता दुकानदार म्हणणार नाही.

मग गिटारीनेच काय पाप केलं आहे? ट्रान्सपोर्टचं खोकं फोडायचं, फडकं मारायचं, तारा कशाबशा सुरात ओढायच्या आणि भिंतीवर टांगायची. आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानांत हेच चालतं.

कारखान्याला दोष देऊन सुटता येणार नाही. नट आणि सॅडल कारखान्यात मुद्दाम उंच ठेवतात. तारा खाली गेल्या आणि फ्रेटवर झरझरू लागल्या की माल परत येतो. उंच राहिल्या तर सहसा कोणी तक्रार करत नाही. शिवाय उंच भाग घासता येतो, घासून गेलेला परत आणता येत नाही. शेवटचा हात दुकानात फिरेल असं कारखाना धरून चालतो, आणि दुकान ते काम नकळत गिऱ्हाइकावर ढकलतं. ते गिऱ्हाईक असतं बारा-तेरा वर्षांचं. त्याला पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड वाजत नाही, बोटांना घट्टे पडतात. उंच नटावरून तार दाबताना ती जास्त ताणली जाऊन सूर चढतो, आणि मुलाला वाटतं आपला कानच कच्चा आहे. दिवाळीपर्यंत गिटार कपाटावर जाते. ‘मुलांना चिकाटीच नाही’ असं आपण काउंटरवर बसून म्हणतो, तेव्हा त्या कपाटावरच्या गिटारीचा नट एकदा बघून यावा.

काम अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नये. प्रवासात तारा ढिल्या असतात. हलक्या तारांचा संच पूर्ण सुरात आला की नेकवर सत्तर किलोच्या आसपास ताण येतो. म्हणून आधी सुरात लावून रात्रभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मापं घ्यायची. पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर नेक ठीक आहे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा, त्याहून अधिक एका वेळी नाही. ट्रस रॉड हा अ‍ॅक्शन खाली आणायचा स्क्रू नव्हे, हे दुकानातल्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अ‍ॅलन कीने जोर लावून रॉडचा नट फिरवल्यामुळे वाया गेलेले नेक प्रत्येक दुरुस्तीवाल्याने पाहिले असतील. मग नटाच्या खाचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरली पाहिजे. सॅडल त्यानंतर. अ‍ॅकूस्टिकला बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास, हे नवशिक्याला सुखाचं माप. तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. फ्रेटची टोकं हाताला लागत असतील तर तीही मोडून घ्यावीत. सगळं मिळून पाऊण तास.

इथवरचं कुठेही लागू पडेल. मावळात मात्र आणखी एक पेच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वरची पाटी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, अ‍ॅक्शन वाढते. प्लायच्या पाटीला हे कमी जाणवतं, पण नेक तिथेही हलतोच. दुकानदार घाईने सॅडल घासून मोकळा होतो. मार्च उजाडतो, हवा कोरडी होते, पाटी खाली बसते आणि सगळ्या तारा झरझरू लागतात. तेव्हा घासलेलं सॅडल पुन्हा वाढत नाही. म्हणून इथल्या पावसाळ्यात नेक आणि नट पूर्ण करावेत, सॅडल किंचित उंच ठेवून द्यावं आणि दिवाळीनंतर गिटार परत दाखवायला बोलवावं. मूळचं सॅडल बदललंच तर ते पुडीत घालून बॅगेच्या खिशात ठेवावं.

कामशेतहून पवनानगरकडे जाताना बेडसे लागतं. तिथून पुढे पवनेच्या काठावर कॅम्पिंगवाल्यांचे तंबू आहेत आणि शेकोटीपाशी गिटार हवीच असते. हे गिऱ्हाईक स्वस्तातली गिटार घेतं आणि रात्री दवात तशीच सोडतं. त्यांना महागडा सेटअप विकण्यात अर्थ नाही. नट नीट करून द्यावा, जाड बॅग घ्यायला लावावी, सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवाव्यात हे सांगावं, बस्स.

आता पैशाचं. ऑनलाइन भावाशी झुंजताना पाऊण तासाची मजुरी कुठून काढायची, हा प्रश्न खरा आहे. काही दुकानदार सेटअपचे वेगळे पैसे लावतात. आम्हाला ते पटत नाही. चार-पाच हजारांची गिटार घेणाऱ्या बापाला सेटअप म्हणजे काय ते माहीत नसतं. तो नको म्हणतो आणि मुलाच्या हाती पुन्हा तीच उंच तारांची गिटार जाते. मजुरी किमतीतच धरा, आणि सेट केलेली व खोक्यातली अशा दोन गिटारी काउंटरवर शेजारी ठेवून मुलाला दोन्हींवर एफ धरून बघू द्या. ऑनलाइनवाल्याला हे करून दाखवता येत नाही. ज्या गिटारीचा नेक पिळलेला आहे किंवा ट्रस रॉड नुसताच फिरतो, ती मात्र ‘शिकायला चालेल’ म्हणून खपवू नका, सरळ परत पाठवा.

विकलेल्या प्रत्येक गिटारीला एक चिठ्ठी बांधा. त्यावर नेकची फट, बाराव्या फ्रेटवरची दोन मापं आणि ती कोणत्या महिन्यात घेतली ते लिहा. पुढच्या वर्षी ती गिटार दुरुस्तीला आली की चिठ्ठी काढायची आणि त्याच जागी पुन्हा मोजायचं.