‘मर आली’ म्हणून गप्प बसू नका

सोमवारी लोकल पकडायच्या घाईत खुराड्याचं दार उघडलं आणि दोन कोंबड्या बाहेर आल्याच नाहीत. ओरबाडा नाही, रक्त नाही, पिसं विखुरलेली नाहीत. म्हणजे मुंगूसही नाही आणि कुत्रंही नाही. बुधवारी तिसरी गेली, शुक्रवारी कोंबडा. दहिवलीतल्या आमच्या परसात नऊ जीव होते, आता पाच आहेत.

यावर आळीतून उत्तरं किती मिळाली म्हणून सांगू! ऊन लागलं. कुणीतरी औषध टाकलं. नजर. आजी म्हणाली, “मर आली गो, दरवर्षी येते.” एक काकू तर म्हणाल्या, उरलेल्यांनी मान टाकायच्या आत कापून खा, वाया तरी जाणार नाहीत. हसू नका, तुमच्याही घरी कधीतरी हे बोललं गेलंय.

‘मर’ म्हटलं की विषय संपतो, माझी तक्रार तिथेच आहे. ती राणीखेत म्हणजे मानमोडी असू शकते: हिरवट विष्ठा, वाकडी मान, धाप. त्यावर औषध नाही, पण पिल्लू आठवड्याचं असताना देतात ती लासोटा लस आहे. बर्ड फ्लू असू शकतो. विषबाधाही. नुसतं बघून राणीखेत की बर्ड फ्लू हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाहीत. नमुना आधी पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेत आणि गरज पडली तर भोपाळला जातो.

“आपल्याकडे कुठला बर्ड फ्लू?” असं म्हणणार असाल तर थांबा. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याच रायगडात, उरणच्या चिरनेरला निघाला. (हो, जंगल सत्याग्रहाचं चिरनेर.) एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच, नवापूरला.

लोक गप्प का बसतात, तर याच एका किलोमीटरमुळे. आपण फोन करायचा आणि शेजारणीच्याही कोंबड्या जायच्या? मग आळीत तोंड कसं दाखवायचं? ही भीती खोटी नाही, मलाही वाटली. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे गप्प राहून शेजारणीच्या कोंबड्या वाचत नाहीतच, वर तिचे पैसेही जातात. शिवाय २००९ च्या कायद्यानुसार अशा संशयित रोगाची खबर देणं मालकाचं कामच आहे.

मी फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, “चारच ना? बघू.” राग आला, पण चूक माझीही होती. मी फक्त “कोंबड्या मरतायत” एवढंच सांगितलं होतं. कोण, काय, कधी, कुठे हे वर्गात घोकायचं आणि घरच्या बातमीत विसरायचं! दुसऱ्यांदा वहीत लिहून घेऊन बोलले: कुठल्या दिवशी किती, वय काय, विष्ठेचा रंग, खाणं बदललं का, नवा पक्षी आणला का. मग समोरून प्रश्न यायला लागले. नंबर १९६२ आहे, सेव्ह करा. घरात हा फोन तुम्हीच करणार आहात, आजी नाही.

पहिल्या तिघींना बाबांनी ओढ्यापलीकडे फेकलं होतं. कुत्री, कावळे, सगळ्यांची सोय झाली. फेकू नका. हातात प्लास्टिकची पिशवी, तोंडाला मास्क, नंतर साबणाने हात. तपासणीला द्यायचा पक्षी दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवायचा, गोठवायचा नाही आणि कापून तर अजिबात बघायचा नाही. बाकीचे खोल खड्ड्यात, वर चुना.

कोंबडा थर्माकोलच्या डब्यातून गेला. रिपोर्ट यायचाय. तोवर अंडी कुणाला द्यायची नाहीत हे आजीला पटवायला दोन दिवस लागले. वहीतला शेवटचा प्रश्न मात्र तिनेच भरला. सोमवारच्या आठ दिवस आधी तिने बाजारातून एक तलंग आणली होती आणि त्याच रात्री सगळ्यांसोबत खुराड्यात सोडली होती.

ती अजून ठणठणीत आहे. सध्या वेगळ्या डालग्याखाली आहे आणि तिला पाणी घालायला मी सगळ्यात शेवटी जाते.