परवाना आणि मुक्कामाची गाडी

सोलापुरातील सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते. सरकारने मोटारींचे मार्ग खुले करावेत, मागेल त्यास परवाना द्यावा. चढाओढीने भाडे उतरेल, गाड्या वाढतील आणि एस.टी.ची मक्तेदारी आपोआप मोडेल. हे मत ऐकावयास गोड आहे. परंतु आम्हास ते सर्वस्वी भ्रामक वाटते, आणि का वाटते हे सांगणे अवश्य आहे.

हा प्रयोग पूर्वी एकदा होऊन गेला आहे. खासगी सर्व्हिस मोटारींच्या काळी गाडी घड्याळ पाहून सुटत नसे, भरली म्हणजे सुटे; आणि उतारू मिळविण्याच्या शर्यतीत कोंबाकोंबीस मर्यादा राहत नसे. ही अनागोंदी आवरण्यासाठी १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त घातली. तीही अपुरी वाटून मुंबई सरकारने हा धंदा स्वतःच हाती घेतला, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली.

पुढे १९८८ च्या कायद्याने परवाना सहसा नाकारू नये असे सांगितले खरे. पण राज्य परिवहनासाठी राखलेल्या मार्गांस तो नियम लागू नाही. त्यामुळे वाटेत ठिकठिकाणी उतारू घेण्याचा अधिकार एस.टी.कडे राहिला, आणि खासगी गाड्यांच्या वाट्यास आला तो कंत्राटी परवाना, म्हणजे ठरलेली मंडळी ठरलेल्या ठिकाणी पोचविण्याचा. प्रत्यक्षात रात्री पुणे रस्त्यावर उभे राहून कोणीही पाहावे. नाक्यानाक्यावर उतारू हाकारून घेणाऱ्या गाड्या याच परवान्याच्या असतात. तात्पर्य, मोठे रस्ते केव्हाच खुले झाले आहेत. मग भाडे उतरले काय? २०१८ साली सरकारला असे ठरवावे लागले की, खासगी गाडीचे भाडे एस.टी.च्या दीडपटीहून अधिक नसावे. ज्या चढाओढीने भाडे खाली यावयाचे, तिच्याच डोक्यावर झाकण ठेवावे लागले, यात सर्व आले.

आता लहान गावांकडे वळू. रात्री शेवटच्या गावी जाऊन वस्तीस राहणारी आणि पहाटे तेथूनच निघणारी जी एस.टी., तिला लोक मुक्कामाची गाडी म्हणतात. मंगळवेढे-सांगोल्याकडील मुलगी सकाळच्या पहिल्या तासास वर्गात हजर असते ती या गाडीच्या जिवावर. या गाडीसाठी परवाना मागणारा अर्जदार आम्ही अद्याप पाहिलेला नाही. जेथे ती जात नाही तेथे वडाप आहे. आणि वडापाची जीप भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे सर्व्हिस मोटारींचा तोच जुना काळ पुन्हा आला.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या नोव्हेंबरात सरकारने खासगी बसगाड्यांस, शाळांच्या बसगाड्यांस, फार काय, मालमोटारींसही उतारू नेण्याची मुभा दिली. याहून खुला परवाना तो कोणता? तरीही आमच्या वर्गातील ज्या बाकांवर आडगावच्या मुली बसत, ती बाके रिकामी राहिली. हमरस्त्यावरच्या गावांची मुले मात्र येत होती.

इंग्लंडचा दाखला देण्याची आपल्याकडे हौस आहे, म्हणून तोही देतो. तेथे १९८५ च्या कायद्याने पुढल्या वर्षी लंडनबाहेरचे मार्ग खुले झाले. लंडनपुरते मात्र मार्ग, वेळ व भाडे सार्वजनिक संस्थेने ठरवावे आणि गाड्या ठेकेदारांनी चालवाव्यात, अशी रीत ठेवली. पुढील दशकांत लंडनचे उतारू वाढले, बाहेरचे घटले. आणि २०२३ पासून मँचेस्टरने आपल्या गाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या.

यावरून एस.टी. निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. ऐनवेळी रद्द होणारी फेरी हीही मुलीची वाट अडवितेच. खासगी मालकास परवाना कदापि देऊ नये, असेही आम्ही म्हणत नाही. म्हणणे इतकेच की, मार्ग ही लोकांची ठेव आहे. ती मोबदल्यावाचून देऊ नये. राखीव मार्गांची योजना बदलावयाची असेल तर बदला. पण ज्यास पुण्याचा मार्ग हवा, त्याने एक मुक्कामाची गाडीही पत्करली पाहिजे. तिचे वेळापत्रक थांब्यावर लागले पाहिजे. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस जे अर्धे भाडे आहे, ते त्याच्या गाडीतही असावे व त्याची भरपाई सरकारने करावी. फेऱ्या चुकविणाऱ्याचा परवाना परत घ्यावा. परवान्यास वेळापत्रकाची अट जोडण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणास दिलेलाच आहे. उणीव आहे ती इच्छेची.

चढाओढीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पहाटे एखाद्या शेवटच्या गावच्या पारावर जाऊन उभे राहावे. तेथे चढाओढ करणारा कोणीही दिसणार नाही; वह्या छातीशी धरून वाट पाहणाऱ्या मुली तेवढ्या दिसतील. ज्या परवान्यात त्या गावाचे नाव नाही, त्यावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवावी.