मास्क कुणाच्या मापाचा?



गेल्या पावसाळ्यात चंदगड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशोब वाचला जात असताना एक मावशी भिंतीला टेकल्या टेकल्या झोपल्या आणि घोरायला लागल्या. बायका हसल्या. 'हिचं रोजचंच हाय, काजूच्या कारखान्यात बी डुलकी लागती हिला,' असं कुणीतरी म्हणालं. मीही हसले. एम.एस.डब्ल्यू. होऊन, बायकांच्या आरोग्याची शिबिरं घेऊन इतकी वर्षं झाली, तरी हसले.

बैठक संपल्यावर त्यांची सून मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, 'ताई, हसायची गोष्ट न्हाई ही. आत्तींचा श्वास रातचा मधीच थांबतोय. मग गुदमरल्यासारखं करून दचकून उठतात. मी तशीच जागी बसून ऱ्हाते.'

सुनेनं जे पाहिलं त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहीजणांचा श्वासमार्ग त्यामुळे इतका मिटतो की दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ हवा आत जातच नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू खडबडून जागं करतो, श्वास सुरू होतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. तासाला पाच वेळा असं होऊ लागलं की आजार धरतात. तीस वेळा किंवा जास्त झालं तर तो तीव्र. सकाळी उठल्यावर माणूस झोपण्याआधीपेक्षा जास्त दमलेलं असतं. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. २०२२ साली संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचलं. पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आला तो घोरणारा, जाडजूड पुरुषच.

ह्याला कारण आहे. १९९३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदारांची झोप तपासली गेली. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडणारे पुरुष १०० मागे २४ निघाले आणि बाया ९. तोवर दवाखान्यात ह्या आजाराचे जे रुग्ण यायचे त्यांत बाया ह्या प्रमाणापेक्षा कितीतरी कमी असायच्या. म्हणजे आजारी बाया होत्या, त्या दवाखान्यापर्यंत पोचत नव्हत्या. आपल्याकडे मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तो महत्त्वाचा होता, शहरी भारतात हा आजार किती आहे हे त्यानं दाखवलं: १०० मागे साडेसात जणांना दिवसाच्या झोपाळूपणासकट हा आजार होता. पण तपासले गेले ते ३५ ते ६५ वयाचे फक्त पुरुष. पुढे दिल्लीत बायांनाही धरून अभ्यास झाले. तरी सुरुवात कुठून झाली हे लक्षात ठेवावं.

दवाखान्यात पोचलेली बाई तरी ओळखली जाते का? पुरुष सांगतो, 'बायको म्हणते मी फार घोरतो.' त्याच्या घोरण्याला एक जागी साक्षीदार असते. बाईच्या घोरण्याला कोण जागं असतं? नवरा गाढ झोपलेला, नाहीतर कामासाठी मुंबईला, नाहीतर ती विधवा. शिवाय बाईनं घोरणं ही लाज वाटण्याची गोष्ट, ती आपण होऊन कोण सांगणार? ती सांगते, झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही. मग तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, झोपेच्या गोळ्या मिळतात, 'पाळी जायचं वय आहे, असं होतंच' हा दिलासा मिळतो. खरं तर पाळी गेल्यानंतर ह्या आजाराचा धोका वाढतो. तेव्हा त्याच वयात जास्त चौकशी करायला हवी.

मावशींची तपासणी सुनेनं धरून बसल्यामुळे झाली. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, तशा त्या बेळगावला गेल्या. डॉक्टरांनी रात्री वापरायचं मशीन लिहून दिलं. ह्या मशीनला सीपॅप म्हणतात. ते नळीतून आणि मास्कमधून हलक्या दाबानं हवा देत राहतं आणि त्या दाबानं घसा मिटत नाही. आजार मुळापासून जात नाही, पण ज्या रात्री मास्क लावला ती रात्र नीट जाते.

मास्क आणायला मुलगा एकटा गेला. दुकानदारानं 'हा सगळ्यांना बसतो' म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मधल्या मापाचा मास्क दिला. मावशींचा चेहरा लहान, नाक बसकं. हवा डोळ्यांत शिरायची, डोळे कोरडे पडून चुरचुरायचे. म्हणून पट्टे ओढले, तर नाकाच्या दांड्यावर जखम झाली. आठ दिवसांनी मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर गेलं. घरात निकाल लागला, 'हिला सोसतच न्हाई.' दोष बाईचा ठरला. मास्क चुकला असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि तो कुणाच्या चेहऱ्याच्या मापानं आणला हेही कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की ह्या उपचाराची सुरुवात एकेकाचं माप घेऊनच झाली होती. ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरचा हा उपचार 'लॅन्सेट' साप्ताहिकात मांडला. त्या काळात रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन त्याच्यापुरता मास्क बनवत. पुढे मास्क कारखान्यात बनू लागले, मापं ठरली. त्यात लहान चेहऱ्याचीही मापं आहेत. ती मागावी लागतात, एवढंच. म्हणून मागायचं काय हे आपल्याला माहीत पाहिजे.

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे. एक नाक झाकणारा. दुसरा नाकपुड्यांच्या खाली टेकणारा, त्याला उश्यांसारखी दोन मऊ टोकं असतात. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ सालच्या मार्गदर्शनात पहिल्या दोघांना पसंती दिली. तिसऱ्यात गळती जास्त होते आणि बऱ्याचदा दाबही जास्त लागतो. ज्यांचं नाक कायम बंद असतं, तोंड मिटूनच राहत नाही, त्यांना तो लागतो. पण आधी नाक का बंद आहे ते पाहावं. चुलीच्या धुरानं चोंदलेल्या नाकावर इलाज न करता थेट मोठा मास्क देणं म्हणजे बाईचं दुखणं तसंच ठेवून तिच्यावर ओझं वाढवणं.

माप घ्यायला कंपन्यांची कागदी पट्टी मिळते. नाकाच्या मास्कसाठी नाकपुड्यांजवळची नाकाची रुंदी बघतात. मोठ्या मास्कसाठी नाकाच्या दांड्यापासून खालच्या ओठाखालपर्यंतचं अंतर. एका कंपनीचं लहान माप दुसऱ्या कंपनीच्या लहान मापाएवढं असेलच असं नाही, म्हणून लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि बघायचा तो खुर्चीत बसून नव्हे. उताणं झोपायचं, मशीन डॉक्टरांनी ठरवलेल्या दाबावर चालू करायचं, दोन्ही कुशींवर वळून पाहायचं. झोपल्यावर चेहऱ्याचं मांस सरकतं, बसल्या जागी घट्ट असलेला मास्क तिथे गळतो. दुकानात झोपून दाखवायला बाईला संकोच वाटणार. म्हणून सोबत बाई असावी, आणि आडोसा मागून घ्यावा.

लावताना मास्क आधी चेहऱ्यावर नुसता धरायचा, हवेनं त्याची मऊ कड फुगू द्यायची, मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढायचे. पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. गळती झाली की आपला हात पट्टा आवळायला जातो. तसं न करता मास्क थोडा उचलून पुन्हा बसवावा. फार आवळलेला मास्क उलट जास्त गळतो. मास्कला बारीक भोकं असतात, त्यांतून हवा बाहेर येणारच. सोडलेला श्वास तिथूनच जातो. 'हवा वाया जाते' म्हणून ती भोकं चिकटपट्टीनं बुजवू नका, ते धोक्याचं आहे. सकाळी उमटलेला वळ थोड्या वेळात जात असेल तर चालेल. जखम झाली तर माप किंवा तऱ्हा चुकली आहे.

आता जे पुस्तिकेत सहसा नसतं ते. अंबाडा घालून झोपलं तर मागचा पट्टा सरकतो. सैल वेणी पुढे घ्यावी. चेहऱ्याला तेल असेल तर कड घसरते, म्हणून झोपताना तोंड धुवावं. नाकातली चमकी मास्कच्या कडेखाली आली तर टोचते आणि तिथूनच हवा निसटते. काढायची की नाही हे त्या बाईनं ठरवावं. तिला काढायची नसेल तर नाकपुड्यांखाली टेकणारा मास्क तिला आधी दाखवावा. 'चमकी काढत नाही म्हणजे हिला उपचार नकोत' असं आपल्यातल्या कुणी म्हणू नये.

मास्कची मऊ कड रोज साध्या साबणानं कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवायची. मशीनला ओलाव्याचं भांडं असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं धातूचं दुसरं काही साधन असेल, स्वतःला किंवा शेजारी झोपणाऱ्याला, तर अशा कड्यांचा मास्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. २०२२ मध्ये फिलिप्सनं आणि २०२३ मध्ये रेसमेडनं स्वतःच तसे इशारे दिले आहेत. मशीन जुनं, वापरलेलं घेत असाल तर नमुना क्रमांक तपासा. आतल्या फोमच्या दोषामुळे फिलिप्सनं २०२१ मध्ये बरीच मशिनं परत मागवली होती. आणि चंदगडच्या पावसात वीज जायचीच. मशीन बंद पडलं की मास्क काढून ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हे सगळं शिकवता येतं. अवघड आहे ते पुढचं. मशीनला प्लगाजवळची ठरलेली जागा लागते. आपल्या कितीजणींना ठरलेली झोपायची जागा आहे? पाहुणे आले की बाई स्वयंपाकघरात. मशीनचा उपयोग होतोय का हे पाहताना डॉक्टर रात्री किमान चार तास वापराचा हिशोब धरतात. अकराला पाठ टेकणारी आणि पाण्यासाठी साडेचारला उठणारी बाई मास्कशी जुळवून घ्यायला वेळ कुठला काढणार? पुरुषाला मशीन लागलं तर घरातला आवाज बंद होतो, 'त्यांची झोप मोडेल' म्हणून. बाईला लागलं तर मशीनच्या आवाजानं इतरांची झोप मोडते. मास्क बसवण्याआधी बाईच्या झोपेला घरात जागा करून द्यावी लागते, आणि हे काम दुकानदार किंवा डॉक्टर करणार नाहीत. ते आपलं काम आहे.

मावशी दुसऱ्या वेळी स्वतः गेल्या, सुनेला घेऊन. सूनच बोलली, लहान मापाचा नाकाचा मास्क मागितला, झोपून बघितला. पहिले काही दिवस मावशी तो दुपारी मालिका बघताना लावून बसायच्या, सवय व्हावी म्हणून. झोपायची जागा स्वयंपाकघरातून माजघरात प्लगाशेजारी आली, त्यावरून घरात चार दिवस धुसफूस झाली. अजूनही त्या रोज लावतात असं नाही. पण परवाच्या बैठकीत त्या जाग्या होत्या. हप्त्यांच्या हिशोबातली चाळीस रुपयांची चूक त्यांनीच काढली. आता सुनेच्या राहिलेल्या झोपेचं काय, हा प्रश्न आहेच.

गटांनी काय करता येईल? आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर झोपेची चौकशी करावी, आणि ती बाईच्या शेजारी कोण झोपतं त्या व्यक्तीकडेही करावी. मापाच्या कागदी पट्ट्या कार्यालयात ठेवाव्यात. मास्क घ्यायला जाणाऱ्या बाईबरोबर एकीनं जावं, पैसे देण्याआधी लावून बघण्याचा आणि बदलून मिळण्याचा आग्रह धरावा. ही तपासणी, मशीन आणि मास्क बसवून देण्याची सोय सरकारी दवाखान्यात मिळावी ही मागणी आपल्या आरोग्याच्या मागण्यांत घालावी. आणि बैठकीत कुणी झोपली तर हसण्याआधी तिला विचारावं, रात्री काय होतं?

तुमच्या भागातले अनुभव कळवा. कुणाला मास्क बसला, कुणाला नाही, का नाही, घरातून काय अडचण आली, सगळं लिहा. पुढच्या अंकात ते छापू.