कॅमेरा परत कोण आणतं?

डोंगरातल्या लांबलचक पायवाटेवरची कुठलीही फिल्म लावा, पहिल्या पाच मिनिटांत एक शॉट येतोच येतो. समोर प्रचंड दरी, पलीकडे बर्फाचे सुळके, खाली आरशासारखं तळं, आणि पाठीवर सॅक घेतलेला एकटा माणूस आपल्याकडे पाठ करून चालत चालत ठिपक्याएवढा होतो. मागे गिटार. आपण शुक्रवारी रात्री सोफ्यावर, मांडीवर पिझ्झाचा बॉक्स आणि डोक्यात एकच विचार: बास झालं, सोमवारी बॉसला मेल टाकायची.

मला मात्र हल्ली हा शॉट आला की भलताच प्रश्न पडतो. हा तर गेला. मग कॅमेरा कोण उचलणार?

उत्तर सोपं आहे. तोच. ठिपका झाल्यावर तो वळला, तेवढंच अंतर परत आला, ट्रायपॉड मिटला, सॅकला बांधला आणि तीच वाट तिसऱ्यांदा चालला. दोनशे मीटरच्या शॉटला सहाशे मीटर. समोरून कॅमेऱ्याकडे चालत येतानाचा शॉट हवा असेल तरी हिशेब तोच: पुढे जा, कॅमेरा लावा, मागे या, पुन्हा चाला. आणि सॅक खाली ठेवून फसवता येत नाही, कारण फ्रेममध्ये ती पाठीवर दिसायला हवी ना!

या हिशेबात मी पडले ती माझ्या मावसभावामुळे. तो कॅलिफोर्नियात सनीवेलला असतो, आयटीत. यंदा त्याला जॉन म्यूर ट्रेलचं परमिट लागलं. ‘लागलं’ असंच म्हणायचं, कारण योसेमिटीतून निघायचं तर साधारण साडेपाच महिने आधी लॉटरीत नाव टाकावं लागतं. योसेमिटी व्हॅलीपासून माउंट व्हिटनीच्या 4,421 मीटर उंच माथ्यापर्यंत, सिएरा नेवाडाच्या कण्याकण्यानं जाणारी ही सुमारे 340 किलोमीटरची वाट. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात चालायची, मध्ये घरी यायचं नाही, की झाली थ्रू-हाइक. त्याला कशीबशी वीस दिवस चालण्यापुरती रजा मिळाली. आणि मग त्याचा मला फोन, ‘ताई, मी सगळं शूट करणार आहे. कॅमेरा कुठला घेऊ?’

मी म्हटलं, आधी कॅल्क्युलेटर घे.

वीस दिवसांत 340 किलोमीटर म्हणजे रोजचे 17. दिवसाला असे फक्त दहा शॉट घेतलेस, प्रत्येकी दोनशे मीटरचे, तर रोजचे 4 किलोमीटर जास्त. वीस दिवसांचे 80. म्हणजे जवळजवळ पाच दिवसांचं चालणं तू फक्त स्वतःला पाठमोरं बघायला करणार! तेही चढावर, कारण सपाटीवर कोण शॉट घेतं?

खोटं वाटत असेल तर राजगड-तोरणा करताना एकदा करून बघा. संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून उतरून तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर मी केलंय. शॉट झाला अकरा सेकंदांचा, वेळ गेला पंचवीस मिनिटं, आणि ग्रुपमधले बाकीचे तोवर पुढच्या टेकाडावर बसून माझ्या वाटणीच्या संत्र्या संपवत होते.

फीचर फिल्मचं सोपं असतं. शेरिल स्ट्रेड 1995 साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर अकराशे मैल एकटी चालली. तिच्या 2012 च्या ‘वाइल्ड’ या पुस्तकावर 2014 मध्ये सिनेमा आला, रीझ विदरस्पूनचा. मला तो आवडतो. कॅमेरा हातात धरलेला, उजेड शक्यतो निसर्गाचाच, उगाच पोस्टकार्डगिरी नाही. पण पडद्यावरची ती एकटी बाई एकटी नसते. दहा फुटांवर अख्खं युनिट उभं असतं आणि पॅकअप झाल्यावर सगळी मंडळी गाडीत बसून हॉटेलवर जातात. बरंचसं शूटिंग ऑरिगनमध्ये झालं, पडद्यावरचं वाळवंटसुद्धा. यात फसवणूक काही नाही, सिनेमाचा फंडाच तो. प्रश्न येतो खरोखर चालणाऱ्यानं खरोखरची वाट शूट करायची म्हटल्यावर.

त्यातलं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण ‘माइल... माइल अँड अ हाफ’. हीच वाट, जॉन म्यूर ट्रेल. 2011 च्या उन्हाळ्यात पाच दोस्त निघाले. त्या वर्षी सिएरात बर्फ धो धो पडलं होतं. टार्गेट 25 दिवसांचं, आणि ठरवूनच निघालेले की आपण चालताना फिल्म करत नाही आहोत, फिल्म करण्यासाठी चालतो आहोत. या दोन वाक्यांत एका सॅकचा फरक आहे. वाटेत आणखी चालणारे भेटत गेले, वादक, चित्रकार वगैरे, आणि टोळी वाढत गेली. 2013 मध्ये फिल्म आली. ती बघताना लक्षात येतं की पाच जण असले की कॅमेरा आणायला कुणाला परत यावं लागत नाही. पण मग एकानं बाकीच्यांच्या आधी धावत पुढे जायचं, ते येताना शूट करायचं, ते निघून गेले की सामान आवरून पुन्हा त्यांना गाठायचं. तीन हजार मीटरवर. सामानासकट. शिवाय जो शूट करतो तो फ्रेममध्ये नसतो, लग्नातल्या फोटो काढणाऱ्या काकांसारखा.

सामानाचं तर विचारूच नका. थ्रू-हाइकर लोक वजनाच्या बाबतीत आपल्या डाएटवाल्यांपेक्षा कडक. अन्न, पाणी, इंधन सोडून बाकी सगळं साडेचार किलोच्या आत बसवलं तर तो अल्ट्रालाइट. त्यासाठी टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारे महाभाग आहेत. त्यात अस्वलांसाठीचा डबा, म्हणजे अस्वलाला उघडता येऊ नये असा जाड प्लॅस्टिकचा पिंप. या ट्रेलच्या बहुतेक भागात तो सक्तीचा आहे, आणि मोठा डबा रिकामाच किलोभर भरतो. त्यात नुसतं खाणं नाही, वास येणारी प्रत्येक वस्तू ठेवायची, टूथपेस्ट आणि सनस्क्रीनसुद्धा. आता यावर कॅमेरा, दोन लेन्स, माइक, बॅटऱ्या, ट्रायपॉड चढवा. भावाच्या पहिल्या यादीत हे सगळं मिळून 3 किलो 400 ग्रॅम होतं.

‘मग फोनवरच करतो की,’ तो म्हणाला. हल्लीचे फोन चालताना काय भारी शूट करतात! खरं आहे. पण डोंगरात तोच फोन नकाशा असतो, घड्याळ असतो, टॉर्च असतो. तळ्यावरचा सूर्यास्त चाळीस मिनिटं शूट केलात आणि बॅटरी बसली, तर सकाळी फाटा कुठला ते विचारायचं कुणाला? साधारण निम्म्या वाटेवर म्यूर ट्रेल रँच लागतं. तिथे आधी पाठवून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत आपलं रेशन मिळतं. त्यापुढे व्हिटनीपर्यंत सुमारे 175 किलोमीटर वाट ओलांडणारा एकही रस्ता नाही. तेवढ्या पट्ट्यात जी काय वीज लागेल ती पाठीवर न्यायची. सोलर पॅनल झाडांखाली चालताना जवळजवळ शोभेचं. आणि थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून त्यांना स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपायचं.

हे सगळं एकवेळ जमवता येतं. वेळापत्रकाचं काय करणार? उन्हाळ्यात तिथे दुपारी ढग जमतात, विजा पडतात. त्यामुळे खिंड शक्यतो दुपारच्या आत ओलांडायची. फॉरेस्टर पास 4,009 मीटरवर आहे, डोक्यावर झाड नाही की छप्पर नाही. सकाळी बर्फ कडक असतं, बुटांना धरतं. दुपारी मऊ झालं की पाय मांडीपर्यंत आत. ओढ्यांचंही तेच. रात्री बर्फ वितळायचं मंदावतं म्हणून पहाटे पाणी कमी, आणि दुपारनंतर दिवसभर वितळलेलं सगळं खाली आलेलं. म्हणजे चालणाऱ्याच्या सगळ्यात मोलाच्या वेळा पहाट आणि सकाळ. कॅमेऱ्याच्याही त्याच! पहाटेचा तो सोनेरी अर्धा तास शूटिंगला दिला, की तेवढाच उशिरा तुम्ही ओढ्याकाठी पोचता.

हा अर्धा तास तिथे फार महाग पडू शकतो. 2017 साली असंच भरपूर बर्फ होतं. त्या उन्हाळ्यात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालायला आलेल्या दोन तरुणी सिएराच्या वाहत्या पाण्यात बुडून गेल्या. त्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, मला सांगायचंय ते वेगळंच. अशा ओढ्यात उतरलेल्या माणसाचे दोन्ही हात काठ्यांवर असतात. कंबरेएवढं पाणी, सॅकचा पट्टा सोडलेला, नजर पुढच्या दगडावर. तिथे कोण शूट करणार? म्हणून फिल्ममध्ये ओढा येतो तो घोट्यापर्यंतचा, हसत हसत ओलांडलेला. पाऊस येतो तो तंबूच्या आतून. ज्या दिवशी माणूस खरंच रडकुंडीला आला, त्या दिवशी कॅमेरा सॅकच्या तळाशी असतो. आपण सोफ्यावर बसून जे बघतो ते त्या वाटेचे चांगले दिवस, आणि त्या भरवशावर रजेचा अर्ज टाकतो. माझा भाऊही त्यातलाच. त्याला ही वाट फिल्म्समधूनच कळलीये.

ड्रोनचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. अमेरिकेच्या नॅशनल पार्कांत 2014 पासून ड्रोनला बंदी आहे, आणि या वाटेवर योसेमिटी, किंग्ज कॅन्यन, सिकोया अशी तीन पार्कं लागतात. बाकी शूटिंगचे नियम मात्र 2025 च्या जानेवारीत सैल झाले. सहापेक्षा कमी माणसं, हातात धरायचं साहित्य, दुसऱ्या कुणाला अडवायचं नाही, एवढं पाळलं तर पार्कात शूटिंगसाठी वेगळं परमिट नको, फी नको, मग त्या फिल्ममधून पैसे कमावलेत तरी चालेल. कायदा पाच जणांना मोकळा आहे. एकट्याचा त्रास कायद्यानं कमी होत नाही, एवढंच.

योसेमिटी सोडल्यावर ही वाट ज्या रानातून जाते त्याला ॲन्सेल अ‍ॅडम्सचं नाव दिलंय. तोच तो, योसेमिटीच्या काळ्यापांढऱ्या फोटोंचा बादशहा. त्याचे कॅमेरे आणि काचेच्या प्लेट्स वाहायला गाढवं, खेचरं असायची. हे भावाला सांगितल्यावर तो पाच सेकंद गप्प होता. बहुतेक खेचराचं भाडं शोधत असावा.

मग मी त्याला ‘ग्रीन टनेल’ची लिंक पाठवली. केविन गॅलॅगर नावाचा माणूस 2005 साली पूर्वेकडची ॲपलाचियन ट्रेल चालला, सहा महिने. रोज चोवीस वेळा थांबायचा आणि समोरच्या वाटेचा एक फोटो घ्यायचा. चोवीस फ्रेम म्हणजे सिनेमाचा एक सेकंद. हजारो स्लाइड्स जोडून पाचेक मिनिटांची फिल्म झाली. झाडांच्या हिरव्या बोगद्यातून आपणच सुसाट चाललोय असं वाटतं. यातली गंमत अशी की कॅमेरा फक्त पुढे बघतो. ट्रायपॉड लावून जा, परत ये, ही भानगडच नाही. एक पाऊलसुद्धा मागे टाकावं लागत नाही. माझ्या मते एकट्या चालणाऱ्यानं करावी तर अशी फिल्म. सोबत आवाज रेकॉर्ड करावेत, ओढ्याचे, स्टोव्हचे, रात्री तंबूवर पडणाऱ्या गारांचे. आवाजाला वजन नसतं आणि अंधारातही चालतात.

भावाला कल्पना जाम आवडली. यादी 900 ग्रॅमवर आली. ट्रायपॉड गेला. सगळं ठरलं, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यानं मावशीला ती फिल्म दाखवली. मावशी ठाण्याला असते. तिनं पूर्ण पाच मिनिटं चष्मा लावून बघितली.

‘छान आहे रे,’ ती म्हणाली. ‘पण यात तो मुलगा कुठाय?’

‘अगं आई, तोच काढतोय ना फोटो.’

‘म्हणजे वीस दिवस तू जाणार, आणि मी झाडं बघायची?’

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. तो रोज रात्री सॅटेलाइटवरून ‘ठीक आहे’ असा मेसेज पाठवणार आहे, हे त्यानं सांगून बघितलं. मावशी म्हणाली, मेसेज काय, कुणीही पाठवेल.

काल त्याची नवी यादी आली. सगळ्यात खाली ‘ट्रायपॉड, 1 किलो 100 ग्रॅम’, आणि पुढे प्रश्नचिन्ह.