ग्रुपवरचे जोडलेले हात

मननासाठी : रोमकरांस पत्र, अध्याय 16



संत पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा तो स्वतः रोमला एकदाही गेलेला नव्हता. तरी पत्राच्या शेवटी तो तिथल्या पंचवीसएक जणांना नावानिशी सलाम सांगतो. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, मरियेने पुष्कळ श्रम केले, रूफाची आई आपल्यालाही आईसारखी आहे, हे सारे त्याच्या लक्षात आहे. हा अध्याय आपण बहुधा भरभर वाचून संपवतो. पण लांब-लांब राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांची मंडळी कशी टिकते, हे मला त्या नावांच्या यादीतच दिसते.

आज आपल्या हाती पत्राऐवजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. 2020 च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली. 27 मार्चला पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहून प्रार्थना करत होते आणि जगभरचे लोक पडद्यावरून त्यांच्याबरोबर होते. 12 एप्रिलचा ईस्टरही घरातच झाला. त्या दिवसांत कितीतरी पॅरिशचे ग्रुप उभे राहिले. पुढे दारे उघडली, ग्रुप मात्र राहिले.

बोरगावसारख्या ठिकाणी त्यांची गरज खरीच आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे हे औद्योगिक गाव. कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबे, पाळीची ड्युटी, कुणी मराठी बोलणारे तर कुणी हिंदी. रविवारी सगळेच मिस्साला येऊ शकत नाहीत. अशा माणसाला ग्रुपने मंडळीशी जोडून ठेवायला हवे.

पण होते काय? सकाळी सुप्रभातची फुले, मग वचनांची चित्रे, मग कुठूनतरी आलेला व्हिडिओ. मध्येच कुणीतरी लिहिते, ‘आईचे ऑपरेशन आहे, प्रार्थना करा.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि दुपारपर्यंत तो निरोप वर सरकून दिसेनासा होतो. ऑपरेशन झाले का, घरी डबा कुणी नेला का, कुणी विचारत नाही. हात जोडणाऱ्यांची भावना खोटी नसते. पण प्रत्येकाला वाटते, इतके जण आहेत, कुणीतरी गेलेच असेल.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो : फक्त अ‍ॅडमिनलाच लिहू द्यावे. त्यामागची अडचण मला समजते. फॉरवर्डचा पूर एवढा असतो, की खुद्द व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. तरीही हा उपाय मला पटत नाही. सगळ्यांची तोंडे बंद केली, की ग्रुप म्हणजे चर्चच्या दारावरचा सूचना फलक होतो. मिस्साची वेळ कळेल, पण ज्याला ‘मी एकटा पडलोय’ म्हणायचे आहे तो कुठे म्हणेल?

पौलाकडून आपण तीन गोष्टी घेऊ शकतो. पहिली, नाव. नुसते हात जोडण्याऐवजी त्या व्यक्तीला नावाने एक ओळ लिहावी. महिनाभर ज्याचा शब्द नाही, त्याला कुणीतरी वेगळा फोन करावा. दुसरी, जाणारा माणूस. या अध्यायाच्या सुरुवातीलाच पौल रोमकरांकडे निघालेल्या फीबी बहिणीचा स्वीकार करायला सांगतो; ते पत्र तिनेच नेले असे मानतात. आपल्याकडेही प्रार्थनेची विनंती आली, की जवळ राहणाऱ्या एका कुटुंबाने ‘आम्ही जातो’ असे लिहावे आणि जावे. तिसरी, पुढची खबर. आजारी माणूस घरी आला, हे कळले तरच मंडळीला देवाचे आभार मानता येतात. मात्र कुणाचा आजार, कुणाच्या घरची अडचण त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नये. आणि ज्या आजीकडे फोनच नाही, तिच्यापर्यंत निरोप नेणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक छापील होते, अशा हजारो प्रती निघत होत्या. पण ही प्रत समोर बसून बोलणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने दिली होती.

योहानाच्या तिसऱ्या पत्रात लिहिणारा म्हणतो, की सांगायचे पुष्कळ आहे, पण ते शाई-लेखणीने लिहिण्यापेक्षा समोरासमोर बोलू. पत्र महत्त्वाचे होतेच, ते भेटीची वाट तयार करत होते. आपल्या ग्रुपनेही तेवढे करावे. या आठवड्यात ग्रुपवर जी पहिली विनंती येईल, तिच्याखाली हात जोडण्याआधी एकदा विचारू या : यांचे घर माझ्या वाटेवर आहे का?

हे प्रभू, आम्ही ज्यांची नावे पडद्यावर वाचतो, त्यांच्या दारापर्यंत आमची पावले ने. आमेन.