भोंगा वाजला, तरी पळावे कोणीकडे?

सिल्वासानजीकच्या सायली गावाचे नाव अलीकडे देशभर ऐकू गेले ते मंगल प्रसंगांच्या निमित्ताने. जानेवारी २०१९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, एप्रिल २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि मार्च २०२५ मध्ये सिल्वासातील साडेचारशे खाटांच्या नव्या इस्पितळाचा शुभारंभ झाला, तेव्हाही जाहीर सभा सायलीलाच भरली. ज्या मुलखात एकेकाळी आजाऱ्याला झोळीत घालून मैलोगणती न्यावे लागे, तेथे आता डॉक्टर घडू लागले आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे व तिचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

परंतु सायलीची ओळख एवढीच नाही. सायली, मसाट, रखोली, खडोली, पिपरिया, आमळी, नरोली ही सारी नावे आज गावांची कमी आणि कारखान्यांची अधिक झाली आहेत. भाताच्या खाचरांना लागून गोदामांचे पत्रे सुरू होतात, आणि वारली, कोकणा, धोडिया वस्त्यांच्या अंगणातून मालमोटारी दिसतात. या गावांना आमचा एक साधा प्रश्न आहे. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री एखाद्या टाकीची झडप निकामी झाली, डोळे चुरचुरू लागले, दूरवर भोंगा वाजला, तर घरातील माणसांनी कोणत्या दिशेने पळावे, हे त्यांना कोणी सांगून ठेवले आहे काय? आणि तेच लोक खोकत, धापा टाकत इस्पितळाच्या दारी आले, तर त्यांच्या फुफ्फुसांत काय शिरले आहे, हे तेथील तरुण डॉक्टरांना कोण सांगणार?

गोमंतकातील वृत्तपत्राने सायलीची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. उत्तर इतिहासात आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या जोखडातून सोडविणाऱ्यांत गोमंतकीय आणि महाराष्ट्रीय तरुण खांद्याला खांदा लावून होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाली. आमची पहाट उगवायला आणखी सात वर्षे लागली. २०२० पासून ज्या दमण आणि दीवशी हा प्रदेश एका प्रशासनाखाली जोडला गेला, ते दमण आणि दीव १९८७ पर्यंत आमच्याच संसारात होते. परकी सत्ता हटविली ती तेथील माणसाला निर्धास्त झोप लागावी म्हणून. ती झोप आता विषारी धुराने मोडू नये, ही अपेक्षा काही परक्याची नव्हे.

४९१ चौरस किलोमीटरच्या या लहानशा प्रदेशात ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींचे गाजर दाखविले गेले आणि कारखानदारी धावत आली. पोट भरण्यासाठी ओडिशापासून बिहारपर्यंतची माणसे आली. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांवर गेलेली दिसते. येथे मुख्यतः कृत्रिम धागा आणि प्लास्टिक तयार होते. भोपाळसारखे काही येथे नाही, असे समाधान काही मंडळी करून घेतात. हे समाधान खोटे आहे. प्लास्टिक जळते तेव्हा केवळ ज्वाळा आणि काजळी निघत नाही. पीव्हीसी पेटले की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओलसर श्वासनलिकेत त्याचे आम्ल होते. नायलॉन आणि फोम यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर बंदिस्त जागेतील प्रत्येक आगीत हजरच. त्याला ना रंग ना वास. आगीत दगावणाऱ्यांपैकी पुष्कळांना ज्वाळेचा स्पर्शही झालेला नसतो. धुरानेच त्यांचा घास घेतलेला असतो. तेव्हा गोदामाला लागलेली आग पाहायला रस्त्यावर गर्दी करून उभे राहणे ही आपल्याकडील हौस प्राणघातक आहे, हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे.

शिवाय वायूला सीमा कळत नाहीत. दादरा हा भाग नगर हवेलीपासून तुटलेला, चहूबाजूंनी गुजरातने वेढलेला. पंधरा-वीस किलोमीटरवर वापीची रासायनिक वसाहत, दक्षिणेला महाराष्ट्राचा तलासरी तालुका, आणि थोडे खाली गेले की तारापूर. येथे दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश एकमेकांच्या अंगणात नांदतात. सरिगामला स्फोट झाला तर हादरा कोणाच्या हद्दीत बसला, याची मोजणी नंतर होईल. बंब मात्र तत्काळ हवा असतो. तो कोणी पाठवावयाचा, कोणाच्या आदेशाने, आणि सीमा ओलांडल्यावर त्याने कोणाचे ऐकावयाचे, या प्रश्नांची उत्तरे आग लागल्यावर शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

गेल्या दहा वर्षांची टाचणे नुसती चाळली तरी अंगावर काटा येतो. मे २०१६ मध्ये डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. आठ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच डोंबिवलीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. जानेवारी २०२० मध्ये तारापुरात ८ गेले, नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडला ११. प्रत्येक वेळी मंत्री धावले, मदत जाहीर झाली, समिती नेमली गेली. बैल गेल्यावर झोपा करण्याची आपली परंपरा मोठी. परंतु येथे तर झोपाही पुरता होत नाही.

यांत आम्हांला सर्वांत बोलकी वाटते ती ७ मे २०२० ची विशाखापट्टणमची पहाट. टाळेबंदीमुळे कारखाना थंडावलेला, टाकीतील स्टायरीन तापत गेले, त्याची वाफ गावात शिरली आणि १२ माणसे दगावली. नंतरच्या चौकशीत आढळले की, धोक्याचा भोंगा वाजविण्याची सोय कारखान्यात ३६ ठिकाणी होती. तो एकाही ठिकाणाहून वाजविला गेला नाही. यंत्र होते, कळ होती, हात नव्हता. भोपाळात २ डिसेंबर १९८४ च्या रात्री याहून विचित्र घडले. भोंगा वाजला, पण लोकांत घबराट नको म्हणून तो लवकरच बंद करण्यात आला. पुन्हा वाजला तोवर वायू वस्तीत पसरला होता. लोक जिवाच्या आकांताने धावत सुटले. कित्येक तर वायूच्याच दिशेने धावले, आणि धावताना श्वास जोरात घ्यावा लागतो म्हणून विष अधिकच आत गेले. नाकातोंडाशी ओले फडके धरा आणि वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघा, एवढा निरोप वेळेवर पोचता तर कितीतरी जीव वाचते. इस्पितळातील डॉक्टरांना तो वायू कोणता, हे सांगायलाही कोणी नव्हते.

वाऱ्याला आडवे, हा शब्दप्रयोग आम्ही मुद्दाम वापरला. वायूच्या पुढे पळून माणूस वाऱ्याला हरवू शकत नाही. वायूचा पट्टा बहुधा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघणे शहाणपणाचे. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात, तळघरात साचतो. तेव्हा उंचवटा गाठावा. जुलै २०१० मध्ये मुंबई बंदराच्या शिवडीच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या नळकांड्यांतून तो सुटला, तेव्हा शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. अमोनिया मूळचा हलका, पण थंडगार स्थितीत सुटला की धुक्यासारखा जमिनीलगतच सरपटतो. तो पाण्यात झपाट्याने विरघळतो, म्हणून हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा हा उत्तम उतारा. परंतु तेच पाणी रस्त्यावर साचलेल्या द्रवरूप अमोनियावर ओतले तर वायू दुप्पट जोमाने उसळतो. सोडियमसारख्या धातूला पाणी लागले की आग. तेथे कोरडी वाळूच हवी. मेथॅनॉलच्या आगीवर नेहमीचा फेस टिकत नाही, निराळा लागतो. उलट अंगावर आम्ल पडले तर दुसरे काही शोधत बसू नये. कपडे उतरवून वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहावे. पाणी हेच औषध आणि पाणी हेच संकट. म्हणूनच काय सांडले आहे हे कळल्याखेरीज बंबाचा शूर जवानही आंधळा असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात होत्या. ती आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दरवर्षी त्या दिवशी आपण त्यांना मानवंदना देतो.

काय सांडले हे कळावे म्हणून तर प्रत्येक टँकरच्या पाठीवर फलक असावा लागतो. त्यावरील चार आकडी क्रमांक हा द्रव्याचा परवलीचा शब्द. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १२०३ म्हणजे पेट्रोल, १८३० म्हणजे गंधकाम्ल. सायलीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरवरील हा आकडा दिसतो तरी काय? बहुधा चिखलाखाली, किंवा आधीच्या खेपेचा तसाच राहिलेला. गोव्याने याची चव १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे घेतली आहे. मुरगाव बंदरातून झुआरीनगरकडे अमोनिया नेणारा टँकर चिखलीला उलटला, लोकांना झोपेतून उठवून शेकड्यांनी हलवावे लागले, दोन महिलांना इस्पितळात न्यावे लागले. नशीब त्या पहाटे आपल्या बाजूला होते. सुरतेच्या सचिन वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी ते नव्हते. तेथे टँकरमधील टाकाऊ रसायन चोरून नाल्यात सोडले गेले, त्यातून विषारी वायू निघाला आणि शेजारच्या गिरणीतील ६ कामगार मेले. त्यांच्या कारखान्यात काहीच चुकले नव्हते.

आता कायद्याकडे वळू. कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. भोपाळनंतर त्यांचा पाऊस पडला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आणि १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम. १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आवारातील आपत्तीचा सराव दर सहा महिन्यांनी करावयाचा आणि आवाराबाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून एकदा तरी व्हावयाची. आसपासच्या लोकांना धोका कोणता व त्या वेळी काय करावे, हे आधी कळविणेही बंधनकारक. १९९६ च्या नियमांनी तर औद्योगिक पट्ट्यापट्ट्यांत स्थानिक आपत्ती गट नेमला. तो महिन्यातून एकदा भरावा आणि जिल्हा गट दर पंचेचाळीस दिवसांनी. या स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, ठाणेदार, डॉक्टर, सरपंच यांच्याबरोबर स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाचाही समावेश आहे. अशा बैठकीचे निमंत्रण किती संपादकांच्या टेबलावर येते, हे वाचकांनी आपल्या ओळखीच्या संपादकाला अवश्य विचारावे.

या नियमांत एक मोठे भोकही आहे. क्लोरीन १० टन किंवा अमोनिया ६० टन अशा मर्यादा ओलांडल्या की कारखाना मोठ्या धोक्याचा ठरतो. त्याखालचा बर्फाचा कारखाना, धाग्याचे गोदाम, द्रावकांची पिंपे साठविणारी लहान शेड या जाळ्यातून निसटते. सिल्वासाच्या पट्ट्यात अशाच लहानांची गर्दी. कायदा टनांनी मोजतो. झोपलेल्या माणसाला मारायला एक नळकांडे पुरते.

आणि सराव होतो तो कसा? सकाळी अकराला, सूचना देऊन, छायाचित्रकार बोलावून. कामगारांना टोप्या, दोघेजण स्ट्रेचरवर हसत झोपलेले, शेवटी चहा-फराळ. पत्रके इंग्रजीत, यंत्रावरचा कामगार ओडिया किंवा भोजपुरी बोलणारा, कुंपणापलीकडची बाई वारली बोलणारी. संकट मात्र भाषा विचारून येत नाही.

सायलीत वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, म्हणून आमची मागणी तेथूनच सुरू होते. तातडीच्या विभागाच्या दाराबाहेर रुग्णाला आधी धुऊन घेण्याची जागा असावी; रसायनाने भिजलेल्या कपड्यांनिशी तो आत गेला तर परिचारिकाही रुग्ण होतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या भाजण्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट, सायनाइडवरील उतारे, कीटकनाशकांच्या विषबाधेसाठी अॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्सिम यांचा साठा कागदावर नव्हे, कपाटात असावा. पंचक्रोशीतील प्रत्येक कारखान्याने, लहान असो वा मोठा, आपल्याकडे काय व किती साठविले आहे याची यादी इस्पितळाला आणि अग्निशमन केंद्राला द्यावी व ती दर तिमाहीस ताजी करावी. व्यापारी गुपित हे कारण येथे चालू नये. भोपाळच्या डॉक्टरांना जे समजले नाही, ते सायलीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी समजले पाहिजे.

दुसरे असे की, केंद्रशासित प्रशासन, वलसाड आणि पालघर या तिघांनी मिळून रात्रीचा, पूर्वसूचना न देता, एक सराव घ्यावा. वारा कोणीकडून वाहतो हे दाखविणारी कापडी नळी प्रत्येक वस्तीतून दिसेल अशी उभारावी. तिचा खर्च कारखान्याच्या एका दिवसाच्या चहापेक्षा अधिक येणार नाही. बंब किती मिनिटांत पोचला, भोंगा कोणाला ऐकू गेला आणि कोणाला नाही, कोणत्या पाड्यातील म्हातारी माणसे मागे राहिली, हे सारे लिहून काढावे आणि तो कागद कचेरीतल्या फडताळात न जाता सायलीच्या पंचायतीच्या फलकावर गुजराती, हिंदी आणि मराठीत लागावा. वारली बोलीत तो आजीला वाचून दाखवायला गावातील शाळकरी मुले आहेतच.